घरातल्या बुजऱ्या मांजराला हार्नेसची सवय लावताना

आमच्या गुंडूला पहिल्यांदा हार्नेस, म्हणजे दोरी अडकवण्यासाठी गळा आणि छातीभोवती बांधायचा पट्टा, घातला, तो प्रसंग आठवला की मला अजूनही ओशाळल्यासारखे होते. गुंडू तेव्हा २ वर्षांचा होता. पावसाळ्यात पार्किंगमधल्या एका दुचाकीखालून उचलून आणलेला, नसबंदी झालेला हा बोका नावाला अजिबात जागत नाही. दाराची बेल वाजली की तो दिवाणाखाली असतो. एका रविवारी मी जाकिटासारखा नवाकोरा हार्नेस पिशवीतून काढला आणि सरळ त्याच्या अंगावर चढवला. वेल्क्रो खर्रकन वाजले, गुंडूने पोट फरशीला टेकवले आणि मग तो एका कुशीवर आडवा झाला. तो शांत झाला असे समजून मी दोरी अडकवली. ती आपोआप गुंडाळली जाणारी, प्लास्टिकच्या जाड मुठीची दोरी होती. तो एकदम उठला, मूठ माझ्या हातून सुटली आणि फरशीवर खडखडत त्याच्या पाठीमागे लागली. तो जितक्या जोरात पळे, तितक्या जोरात ती मागून येई. दिवाणाखालून तो बाहेर आला तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि पुढे २ महिने वेल्क्रोचा आवाज झाला की, अगदी माझ्या सँडलचा झाला तरी, तो खोली सोडून जात असे.

त्या एका दुपारी माझ्याकडून ज्या चुका झाल्या, त्या बहुतेक सगळेच करतात. दुसऱ्या वेळी मी क्रम उलटा केला. बाहेर कसे जायचे हे शिकवण्याआधी, भीती वाटली तर परत कुठे यायचे, हे गुंडूला शिकवले. पुढचे सगळे त्या अनुभवावर आधारलेले आहे.

बाहेर न्यावे का, हा पहिला प्रश्न

कुत्रा माणसाच्या मागे चालतो, मांजराचा जीव मात्र जागेत गुंतलेला असतो. ओळखीचा वास, ओळखीचे कोपरे आणि पळून जाण्याच्या ठरलेल्या वाटा यांवर त्याचा धीर टिकून असतो, त्यामुळे नवी जागा हे त्याच्यासाठी बक्षीस नसून आधी एक ओझे असते. पिल्लू साधारण २ ते ७ आठवड्यांचे असताना माणसांचा स्पर्श आणि वेगवेगळे आवाज अनुभवते, तेव्हा ते सहजपणे स्वीकारते. त्या काळात माणसांपासून लपून वाढलेले पिल्लू पुढे कितीही लाडाने सांभाळले, तरी त्याच्यात थोडा बुजरेपणा उरतो. तो स्वभाव बदलण्याचा हट्ट धरू नये. त्याला सांभाळून किती पुढे जाता येते, एवढेच पाहावे.

ज्या मांजराला घरात पाहुणे आले तरी दिवसभर अन्न जात नाही, जे सतत अंग चाटून टक्कल पाडून घेते किंवा लिटरबाहेर, म्हणजे त्याच्या शी-शूच्या वाळूच्या पेटीबाहेर, लघवी करते, त्याला आधी पशुवैद्याला दाखवावे आणि हार्नेसचा विचार लांबणीवर टाकावा. अशी काही मांजरे कधीच अंगणात जाणार नाहीत, आणि त्यात काहीही बिघडत नाही. तरीही घरातल्या घरात हार्नेस अंगावर चालवून घेणे उपयोगी पडते. दवाखान्यात कॅरियर (मांजराची ने-आण करायचा दार असलेला पेटारा) उघडल्यावर, घर बदलताना किंवा गाडीच्या लांबच्या प्रवासात मांजर हातून निसटण्याचा धोका त्याने बराच कमी होतो.

बाहेर पाऊल टाकण्याआधी नसबंदी आणि लसीकरण झालेले असावे. रेबीजची लस आणि पॅनल्यूकोपेनिया, हर्पीस व कॅलिसी या तीन विषाणूंची एकत्रित लस अद्ययावत असल्याची पुस्तिकेत खात्री करावी. पॅनल्यूकोपेनियाचा विषाणू जमिनीवर वर्षभरसुद्धा तग धरू शकतो, त्यामुळे अंगणात सध्या एकही मांजर दिसत नाही हे लस टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. पिसवा आणि गोचिडांचे औषध डॉक्टरांकडूनच घ्यावे. कुत्र्यांच्या अनेक औषधांत असणारे परमेथ्रिन मांजराच्या जिवावर बेतते, तेव्हा शेजारच्या कुत्र्याची उरलेली ट्यूब चुकूनही वापरू नये. जमल्यास १५ अंकी क्रमांकाची मायक्रोचिप बसवून घ्यावी, आणि हार्नेसवर आपला फोन नंबर ठळक लिहिलेला असावा.

हार्नेस कोणता घ्यावा

गळपट्ट्याला दोरी बांधून मांजराला कधीही नेऊ नये. ते दचकून उडी मारते तेव्हा सगळा झटका गळ्यावर येतो. हार्नेसमध्ये तो भार छातीवर विभागला जातो. बाजारात ढोबळमानाने दोन प्रकार मिळतात: गळा आणि छाती यांभोवती दोन अरुंद पट्टे असणारा, आणि जाकिटासारखा रुंद कापडाचा. जाकीट सुटायला तुलनेने कठीण असते, परंतु ते अंगाचा मोठा भाग वेढते आणि गरम होते. अरुंद पट्ट्यांचा हलका असतो आणि बुजरी मांजरे तो लवकर सहन करतात. माझे मत असे की सुरुवात हलक्या पट्ट्यांच्या हार्नेसने करावी, आणि गळ्याचा पट्टासुद्धा बक्कलने उघडणारा असावा, कारण डोक्यावरून काही ओढून घातलेले अनेक मांजरांना मुळीच खपत नाही. वेल्क्रोविषयी मी आता काही बोलत नाही.

माप घेताना शिवणकामाची टेप गळ्याभोवती आणि पुढच्या पायांच्या लगेच मागे, छातीभोवती धरावी. आपल्याकडच्या साध्या घरमांजराची छाती बहुधा ३० ते ४५ सेंटिमीटरच्या दरम्यान भरते. हार्नेस बसल्यावर पट्टा आणि अंग यांच्यामध्ये एक किंवा फार तर दोन बोटे जावीत. त्याहून सैल पट्टा धोक्याचा असतो, कारण मांजराचे हासळीचे हाड आपल्यासारखे सांध्याने पक्के जोडलेले नसून स्नायूंत सैल असते, आणि जिथून त्याचे डोके जाते तिथून बहुधा धडही जाते. मांजर हार्नेसमधून पुढे झेपावून सुटत नाही. ते मागे सरकते, कोपरे आत घेते, मान खाली घालते आणि कपड्यातून निघावे तसे बाहेर पडते. त्यामुळे चाचणी घरातच, दार बंद करून करावी. हार्नेसची पुरेशी सवय झाल्यावर दोरी मांजराच्या समोरच्या बाजूने धरून हळूच किंचित ताणावी आणि ते मागे सरकते तेव्हा कोणता पट्टा वर चढतो ते पाहावे.

दोरी दीड ते दोन मीटरची, हलकी आणि साध्या कापडी पकडीची असावी. गुंडाळल्या जाणाऱ्या दोरीची मूठ काय करते, ते वर सांगितलेच आहे.

घरातले आठवडे

या कामाचे चलन खाऊ आहे, तेव्हा आपल्या मांजराला वेड लावणारा खाऊ कोणता, ते आधी शोधून काढावे. बिनमिठाचे उकडलेले चिकन हाताने तंतू करून द्यावे, किंवा चाटायला मिळणारी पाकिटातली पेस्ट वापरावी. कांदा आणि लसूण मांजराला विषारी असल्याने आपल्या ताटातला रस्सा बुडवलेला तुकडा चालणार नाही. हा खाऊ फक्त हार्नेसच्या वेळीच द्यावा, सराव जेवणाच्या थोडा आधी करावा आणि एका वेळी दोन-तीन मिनिटांहून अधिक करू नये. दिवसातून दोनदा दोन मिनिटे हे रविवारच्या तासाभरापेक्षा कितीतरी कामाचे ठरते.

पहिले काही दिवस हार्नेस नुसता जमिनीवर, जेवणाच्या ताटलीपासून हातभर अंतरावर पडलेला असू द्यावा. नव्या नायलॉनला कारखान्याचा वास असतो. एका मऊ फडक्याने मांजराचे गाल हलकेच पुसावेत आणि तेच फडके हार्नेसवर चोळावे. गालांतल्या ग्रंथींचा वास लागला की ती वस्तू त्याला घरातली वाटू लागते. मग दर दोन दिवसांनी ताटली थोडी जवळ सरकवावी. गुंडूने हार्नेसवर पाय ठेवून जेवायला ९ दिवस घेतले.

बक्कलच्या आवाजाची सवय स्वतंत्रपणे लावावी. आमचे बक्कल मी टॉवेलमध्ये गुंडाळून शेजारच्या खोलीत 'टक' वाजवत असे, आणि प्रत्येक 'टक'नंतर लगेच चिकनचा एक तंतू गुंडूसमोर पडत असे. आवाज आधी आणि खाऊ नंतर, हा क्रम पाळणे अत्यंत आवश्यक आहे. उलट केले तर खाऊ दिसला की आता काहीतरी होणार, अशी शंका मांजराला येऊ लागते. आवाज ऐकून ते पळण्याऐवजी आपल्या तोंडाकडे पाहू लागले, म्हणजे टॉवेल काढण्याची वेळ झाली.

त्यानंतर अंगावर घालण्याचा भाग येतो, आणि येथे घाई करणाऱ्याला पुन्हा पहिल्या पायरीवर यावे लागते. प्रथम पट्टा पाठीवर नुसता टेकवावा, खाऊ द्यावा, उचलून घ्यावा. पुढे तो पाठीवर पडलेला असताना पेस्ट चाटू द्यावी. मग गळ्याचा पट्टा बक्कल न लावता मानेभोवती धरावा आणि मांजर चाटत असेपर्यंतच धरून ठेवावा. पोटाखालच्या पट्ट्याचेही तसेच. बक्कल लावण्याचा पहिला प्रसंग पाच सेकंदांत संपवावा. मांजराला तो नकोसा होण्याआधी आपणच काढून घ्यावा. पाच सेकंदांचे पंधरा, पंधराचे एक मिनिट, असे वाढवत जावे, आणि प्रत्येक वेळी वाढवायलाच हवे असे नाही. अधूनमधून एखादी अगदी सोपी, छोटी खेप ठेवल्याने भरवसा टिकतो.

हार्नेस घातल्यावर मांजर आडवे पडते, पोट जमिनीला घासत मागे मागे चालते किंवा लाकडासारखे ताठ उभे राहते. पाहणाऱ्यांना हसू येते आणि तसे व्हिडिओही भरपूर फिरतात; मला ते बघवत नाहीत. अंगाभोवती अनोळखी दाब आल्याने गोठून जाणे ही घाबरण्याचीच एक तऱ्हा आहे. अशा वेळी दोरीला पीस बांधलेले खेळणे जमिनीवरून सरपटत न्यावे किंवा खाऊचा तुकडा नाकापासून वीतभर पुढे ठेवावा. एक पाऊल टाकले तरी बहुधा अंग मोकळे होते. परंतु अर्ध्या मिनिटात आवडत्या खाऊकडेही ते पाहत नसेल, तर हार्नेस काढावा आणि उद्या दोन पायऱ्या मागून सुरुवात करावी. खाऊ नाकारणे ही या सगळ्या प्रवासातली सर्वांत भरवशाची खूण आहे.

अंगावर हार्नेस असताना मांजर आपणहून खेळू, उडी मारून खिडकीत बसू आणि जेवू लागले, म्हणजे दोरीकडे वळावे. आधी हातभर लांबीची मऊ नाडी बांधून ती मागे घसरू द्यावी, मात्र आपली नजर सतत तिच्यावर असावी. खुर्चीच्या पायात अडकलेली नाडी एका क्षणात घात करते. मग खरी दोरी हातात धरून मांजर जाईल तिकडे आपणच मागे जावे. शेवटी हलका ताण ओळखायला शिकवावे: दोरी किंचित ताणून थांबावे, मांजराने आपल्या दिशेने मान वळवली तरी दोरी सैल सोडून खाऊ द्यावा. ओढत मात्र कधीही नेऊ नये.

परतीची वाट

गुंडूच्या बाबतीत ज्या गोष्टीने सर्वाधिक फरक पडला, ती म्हणजे कॅरियर. तो पूर्वी माळ्यावर असायचा आणि फक्त दवाखान्याच्या दिवशी खाली यायचा, त्यामुळे तो खाली आला की गुंडू गायब होई. मी त्याचे दार काढून टाकले, आत आजीच्या फाटक्या गोधडीचा तुकडा अंथरला आणि तो दिवाणखान्याच्या कोपऱ्यात कायमचा ठेवला. जेवणाची ताटली आधी तोंडाशी, मग आत, मग अगदी मागच्या भिंतीपाशी गेली. साधारण तीन आठवड्यांनी तो दुपारची झोप त्यात काढू लागला.

त्यानंतर एक शब्द जोडला. मी 'घरी' म्हणायचे आणि खाऊचा तुकडा कॅरियरमध्ये टाकायचे. पुढे 'घरी' म्हणून थांबायचे, आणि तो आत शिरल्यावर खाऊ द्यायचे. मग हे दुसऱ्या खोलीतून, हार्नेस घालून, दोरी लावून, शेवटी मिक्सर चालू असताना केले. आवाज सुरू झाला, 'घरी' म्हटले आणि तो धावत कॅरियरमध्ये जाऊन बसला, त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले की याला आता बाहेर न्यायला हरकत नाही. तोपर्यंत दुसऱ्या सुरुवातीला ११ आठवडे झाले होते. कॅरियरचे दार अर्थात परत बसवले.

उंबरठा मांजराला स्वतःच्या पायांनी ओलांडू देऊ नये. हार्नेस दारापासून दूर, आतल्या खोलीत घालावा, मांजराला कॅरियरमध्ये बसवून दार लावावे आणि उचलूनच बाहेर न्यावे. जे मांजर दारातून चालत बाहेर जायला शिकते, ते दूधवाल्याने दार वाजवले तरी फटीतून निसटायला शिकते.

पहिल्या खेपा

पहिली खेप आपल्याच मजल्यावरच्या जिन्यापाशी, दुसऱ्या कोणाची वर्दळ नसताना करावी, आणि ती पाच मिनिटांची असावी. कॅरियर भिंतीला पाठ लावून ठेवावा, दोरी अडकवल्याची दोनदा खात्री करून दार उघडावे, आणि शेजारी जमिनीवर गप्प बसावे. मांजर बाहेर आलेच पाहिजे असे नाही. गुंडू पहिल्या ४ खेपांत नाकसुद्धा बाहेर न काढता आतूनच वास घेत राहिला, आणि मी त्या चारही खेपा यशस्वी धरते, कारण त्याने आत बसून चिकन खाल्ले.

त्यानंतर सोसायटीच्या मागच्या बाजूची, कुंपणाच्या भिंतीलगतची शांत जागा निवडावी. सकाळी सहाच्या सुमारास वर्दळ कमी असते आणि फरशीही थंड असते. उन्हाळ्यात आपला उलटा तळहात जमिनीवर पाच-सात सेकंद आरामात टेकवता येत नसेल, तर मांजराच्या पंजांनाही ती जमीन भाजते. वॉचमनला आधी सांगून ठेवावे, आणि भटकी कुत्री कोणत्या वेळी कुठे बसतात हे मांजराविना दोन-तीन दिवस जाऊन पाहावे. गच्चीचा मोह टाळावा. कठड्यावर उडी मारायला मांजराला अर्धा क्षण पुरतो. बाल्कनीत किंवा अंगणात दोरीने बांधून ठेवून आपण आत जाणे हे तर कधीच करू नये, कारण कठड्यापलीकडे उडी मारलेले मांजर त्याच दोरीला लटकते.

बाहेर असताना त्याच्या अंगाकडे पाहत राहावे. डोळ्यांच्या बाहुल्या उजेडातही मोठ्या गोल होणे, कान बाजूला पडून डोक्याला चिकटणे, शेपूट पोटाखाली जाणे, पुन्हा पुन्हा ओठ चाटणे, अंग चोरून बसणे, ही परत फिरण्याची सूचना असते. तोंड उघडून धापा टाकणे ही मांजरात नेहमीची गोष्ट नाही. तसे दिसले तर लगेच सावलीत, घरात न्यावे, आणि थोड्या वेळात थांबले नाही तर डॉक्टरांना फोन करावा. याउलट शेपूट सैल, कान पुढे, जमिनीचा वास घेणे आणि मधूनच आपल्याकडे पाहणे, असे असेल तर चार-दोन मिनिटे आणखी थांबायला हरकत नाही.

आवाजांच्या बाबतीत हेही ध्यानात असू द्यावे की माणसाची श्रवणशक्ती २० किलोहर्ट्झपर्यंत असते, तर मांजर ६० किलोहर्ट्झच्याही वरचे आवाज ऐकते. आपल्याला शांत वाटणारी पहाट त्याला तशी वाटतेच असे नाही.

घाबरल्यावर काय करावे

सोबत एक जाड टॉवेल नेहमी असावा. मांजर बिथरले तर दोरी वर खेचून त्याला उचलू नये आणि उघड्या हातांनी कवटाळूही नये. खाली बसून दोरी आखूड पण सैल धरावी, कॅरियरचे तोंड त्याच्याकडे वळवावे आणि शिकवलेला शब्द एकदाच, नेहमीच्या आवाजात म्हणावा. एकदा आम्ही मागच्या अंगणात असताना फाटकाशी सिलिंडरची गाडी आली आणि दोन सिलिंडर दणकन खाली उतरले. मी 'घ' म्हणेपर्यंत गुंडू कॅरियरमध्ये गोधडीत तोंड खुपसून बसला होता. ते जमले नाही तर टॉवेल अंगावर टाकून, गुंडाळून आत ठेवावे.

तरीही चावा बसला, तर मांजराचे दात बारीक आणि खोल रुततात हे विसरू नये. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि मांजराला लस दिलेली असली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

मांजर सुटलेच, तर त्याच्यामागे धावू नये. घरात वाढलेले मांजर बहुधा दूर जात नाही. जवळच, गाडीखाली, पाण्याच्या टाकीमागे किंवा जिन्याखालच्या अडगळीत दडून बसते आणि ओळखीच्या हाकेलाही ओ देत नाही. रात्री वर्दळ थांबल्यावर टॉर्च घेऊन जमिनीच्या पातळीवर शोधावे, प्रकाशात त्याचे डोळे चमकतात. कॅरियर त्याच गोधडीसह सुटलेल्या जागी उघडा ठेवावा.

वर्षभराचे काही

गणपतीच्या दिवसांत आणि दिवाळीच्या आगेमागे आम्ही बाहेर जात नाही, ढोलताशांचे सराव सुरू झाले की हार्नेस घरातच वापरतो. पावसाळ्यात गवतातून आल्यावर कानांमागे, काखेत आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी तपासाव्या लागतात. सोसायटीत उंदरांचे औषध टाकले आहे का किंवा फवारणी झाली आहे का, ते विचारून ठेवावे. बागेतली कण्हेर आणि सायकस ही दोन्ही झाडे मांजराला विषारी आहेत, आणि लिलीच्या फुलांचा तर परागसुद्धा अंगावरून चाटला गेला तर मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात.

एका तोट्याची कल्पना आधीच दिलेली बरी. अंगणाची गोडी लागल्यावर मांजर दाराशी बसून ओरडू लागते. ओरडल्यावर बाहेर नेले की ओरडणे हेच बाहेर जाण्याचे तिकीट होते, त्यामुळे वार आणि वेळ आपण ठरवावी आणि ओरडत असताना हार्नेसला हात लावू नये. गुंडू आता बुधवारी आणि रविवारी सकाळी १० मिनिटे जातो. त्यातली सहा-सात मिनिटे तो कॅरियरच्या तोंडाशी बसून मुंग्या पाहतो.

हार्नेस महिन्यातून एकदा सौम्य, बिनवासाच्या साबणाने धुवावा आणि सावलीत पूर्ण वाळवावा, कारण दमट हवेत पट्ट्यांना बुरशी येते. धुतल्यावर गालांवरून फिरवलेले फडके त्यावर पुन्हा चोळावे. शिलाई, बक्कलचे दात आणि दोरीची कडी प्रत्येक खेपेआधी पाहावी, आणि दर दोन-तीन महिन्यांनी छातीचे माप नव्याने घ्यावे. मागच्या हिवाळ्यात गुंडूची छाती २ सेंटिमीटरने वाढलेली निघाली आणि पट्टा एक घर सैल करावा लागला.